ऋणनिर्देशातली अकरा नावं

प्रिय संजना,

पुण्यात थंडी कडक पडलीय म्हणे. तुमच्या वसतिगृहातलं गरम पाणी सकाळी सहालाच संपतं, असं तू मागे फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं होतंस, म्हणून आधी तेवढंच विचारते: मिळतं का आता? आणि खोकला? हे पाकीट बघून तू चकित होशील. जिने तुम्हाला तीन वर्षं ‘मेल करा, ग्रुपवर टाका’ म्हणून पिडलं ती बाई फुलस्केप कागद घेऊन शाईने लिहीत बसलीय. हे पत्र मी कर्जतला टाकणार नाही, उद्या खोपोलीला जाऊन तिथल्या पोस्टातून स्पीड पोस्ट करेन. शेवटी माझी सहीही नसेल. घाबरू नकोस, पण सगळं ओळीने वाच. मधूनच शेवटच्या पानावर उडी मारायची नाही, ही शिस्त मीच तुला लावलीय.

इकडची खबर अशी. यंदा फील्ड प्रोजेक्टला तेवीस मुलं आहेत. पैकी सतरा जणांनी पहिल्याच आठवड्यात पन्नास-पन्नास प्रश्नावल्या भरून आणल्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, आणि पन्नासच्या पन्नास माणसं ‘पूर्णतः सहमत’. मी विचारलं, कुठे बसून भरल्यात? त्यातला एक जण प्रामाणिक निघाला, म्हणाला, “एसटी स्टँडवर, मॅडम. तिथं पंखा हाय.” मी सगळ्या परत केल्या आणि सांगितलं, नेरळहून पोशीरपर्यंत चालत जा, वाटेत जो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारा आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणा. एकाच्या कागदावर होतं, ‘तुज्या मॅडमला सांग, ऊन लय हाय.’ त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले. पूर्वीची मी असते तर हे तुला सांगताना पाच मिनिटं हसत बसले असते. आता हसता हसता मधेच थांबायला होतं. मुलं वर्गाच्या दाराबाहेर पडली की मनात येतं, मी यांना कोणाच्या अंगणात पाठवतेय, आणि ही परत आल्यावर त्या अंगणात दुसरं कोण जाणार आहे?

तुझं पहिलं वर्ष मला फारसं आठवत नाही, खरं सांगते. मागच्या बाकावर बसणारी, हजेरीला हळू आवाजात ‘हजर’ म्हणणारी मुलगी. ‘ग्रामसभेतील महिलांचा सहभाग’ हा विषय तू सोपा म्हणून घेतलास आणि मीही सोपा म्हणूनच दिला. दरवर्षी कोणीतरी घेतं. मुख्य ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिची हजेरी बघायची, चार तक्ते काढायचे, शेवटी ‘जागृतीची गरज आहे’ असं लिहायचं, झालं. तू दोन दुपारी ग्रामपंचायतीत बसून उपस्थितीच्या नोंदवहीतली सगळी नावं हाताने उतरवून आणलीस. तेव्हा कोणी अडवलं नाही. कॉलेजची पोर आहे, बघू दे, असंच वाटलं असणार त्यांना.

शहाऐंशी सह्या होत्या. सव्वीस जानेवारीच्या आधीची महिला ग्रामसभा आणि ठराव एकमताने: गावामागचं गुरचरण गोदामांसाठी द्यायला आमची हरकत नाही. मी तुझी वही बघून म्हटलं, “अगं वा, तुमच्या गावच्या बायका भलत्याच जागरूक की!” पंचवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईचं हे निदान. तू वही मिटली नाहीस. म्हणालीस, “मॅडम, यात आई नाय.” मी म्हटलं, कामाला गेली असेल. तू बोट एकेका नावावरून खाली नेत राहिलीस आणि म्हणालीस, “हिरूआजी पण नाय. शेजारची काकी नाय. यात एकपण विधवा बाय नाय, मॅडम.” तुमच्या गावात तर अशा बायका दर तिसऱ्या-चौथ्या घरात. फक्त सवाष्णी येतात अशी ही कुठली ग्रामसभा? तुला उत्तर तेव्हाच ठाऊक होतं. मला आणखी मिनिटभर लागलं. संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधली ती तारीख होती. सरपंचबाईंच्या घरी त्या दिवशी हळदीकुंकू झालं होतं.

त्यानंतरचे दोन महिने हे माझ्या नोकरीतले सगळ्यांत आनंदाचे दिवस. आपण रिकाम्या प्रयोगशाळेत बसून मुलाखतीची तालीम करायचो. मी म्हातारी व्हायचे, तू प्रश्न विचारायचीस, आणि मी मुद्दाम सुनेच्या तक्रारी सांगत बसायचे. मान डोलवायची नाही, त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, घाई करायची नाही. इतरांनी पन्नास-पन्नास माणसं गाठली, तू दहाच बायका गाठल्यास, कारण एकेकीला एकेक दुपार लागली. एकट्या मुलीशी कोणी मोकळं बोलणार नाही म्हणून तुझी आई, छायाताई, प्रत्येक घरी तुझ्याबरोबर आली. ती रेकॉर्डिंगं तेव्हा तुझ्या फोनवर मी किती वेळा ऐकली असतील. शाळेत खिचडी शिजवणारी मैना हसत हसत सांगते, “डबा भेटला, सई केली. वरती काय लिवलंय ते कोन वाचतंय? वरती कायच नव्हतं लिवलेलं.” आणि हिरूआजी, अगदी सहज, “आमाला कोन बोलवतंय गं हळदीकुंकवाला? आमी गेलो तर त्यांचं हळदीकुंकू बाटंल ना.” दर मुलाखतीच्या सुरुवातीला तुझा आवाज आहे. मी शिकवलेलं वाक्य तू तुझ्या बोलीत म्हणतेस, “तुमचं नाव कुठंच येनार नाय.”

आणि तू ते पाळलंस. अहवालात एकीचंही नाव नव्हतं, म-१ ते म-१०, बस्स. गावाचंही नाव नव्हतं. मग शेवटी ऋणनिर्देशाचं पान आलं. तुझ्या कच्च्या प्रतीत एकच ओळ होती, ‘माहिती देणाऱ्या सर्व भगिनींचे आभार.’ ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे, काल काढून बघितली. समासात लाल पेनाने माझं अक्षर आहे: ‘नावं घाल. ज्यांनी आपली दुपार दिली त्यांची नावं घेणं ही साधी सभ्यता आहे.’ तू केबिनच्या दारात येऊन विचारलंस, “मॅडम, नावं घातली तर चालतील ना?” मी हसले. म्हटलं, “अगं, हा ऋणनिर्देश आहे, साक्षीपुरावा नव्हे.” तू ऐकलंस. ज्या क्रमाने घरं केलीस त्याच क्रमाने दहा नावं लिहिलीस आणि अकरावं आईचं. म-१ कोण हे शोधायला आता शहाणपण लागत नव्हतं, बोटं मोजता आली की पुरे.

तुला राजेश ठाऊक आहे. तुमच्या सरपंचबाईंचे यजमान, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, त्यांचे सगळे कागद हाच बघतो. बारा वर्षांपूर्वी तो माझा विद्यार्थी होता, हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. नुसता विद्यार्थी नाही, तुझ्याआधी माझ्या हाताखालून गेलेला सर्वांत हुशार मुलगा. मी त्याला एक गोष्ट शिकवली होती आणि वर्गात दरवर्षी शिकवते: कुठलाही अहवाल हातात आला की आधी ऋणनिर्देश वाचा, कोण कोणाच्या मदतीला उभं राहिलं ते तिथे कळतं. नोव्हेंबरच्या शेवटी तो कॉलेजात आला. विद्यापीठाच्या स्पर्धेत तुझा नंबर आला त्याची बातमी त्याने उशिरा वाचली होती, अभिनंदन करायला आला होता. वाकून नमस्कार केला, नेरळचा पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. मी कपाटातून तुझा अहवाल काढून त्याच्या हातात दिला. त्याने मुखपृष्ठ बघितलं, मधली साठ पानं एका अंगठ्याने उलटली आणि शेवटच्या पानावर थांबला. म्हणाला, “तुमीच शिकवलंत, मॅडम. हे आदी वाचायचं.” मग मोबाइल काढून त्या एकाच पानाचा फोटो घेतला. वरती माझं नाव होतं ना, मार्गदर्शक म्हणून. मला वाटलं, आठवण म्हणून घेतोय.

डिसेंबरात एका सकाळी शिपाई सांगत आला की फाटकाशी एक म्हातारी बसलीय आणि ‘संजीच्या मॅडम’ना विचारतेय. हिरूआजी होती. डोळे तपासायला कर्जतला आली होती, तिथून चालत आली. चहा घेतला, बशीतून सावकाश प्याली, आणि मग विचारलं, “मॅडम, तुमी माजं नाव पुस्तकात घातलं का?” मी हो म्हटलं. मला वाटलं रागावेल. तर म्हणाली, “वाचून दावा.” मी पान उघडून वाचून दाखवलं. पहिलंच नाव तिचं. तिने विचारलं, नक्की कुठे? मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. बराच वेळ ठेवून बसली. छापलेलं बघितलंच नव्हतं कधी, म्हणाली. आणि मग, बोट तसंच ठेवून, सांगायला लागली.

राजेश पहिल्या दिवशी तिच्याकडे गेला होता. सकाळी दहाच्या सुमाराला, एकटाच. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, नातवाची चौकशी केली. म्हणाला, “आजी, तुमी अब्यासाला मदत केली, लय चांगलं केलं.” बस्स, उठून गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाच्या घरी. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. रोज एक घर, रोज दहाचा सुमार, तुझ्या पानावरच्या क्रमाने. कोणाला दम दिला नाही, आवाज चढवला नाही, कुठल्याही घरी पाणी प्यायल्याशिवाय उठला नाही. चौथं नाव मैनाचं. मैना तोंडाची फटकळ, म्हणाली, “जे झालं तेच सांगितलं मी, त्यात काय?” राजेश म्हणाला, “बरोबर हाय, ताई.” सोमवारी शाळेत खिचडीच्या चुलीपाशी दुसरी बाई उभी होती. पाचव्या घरापासून त्याला काही बोलावंच लागलं नाही. आठव्या-नवव्या घरी बायकांनी तो बसायच्या आधीच सांगून टाकलं की आमच्याकडे कोणी विचारायला आलं नव्हतं, सभा झाली होती, आम्ही हजर होतो. मग तो एका टाइप केलेल्या कागदावर सह्या घेऊन गेला. हिरूआजीने अंगठा दिला. मला म्हणाली, “मी दिला, मॅडम. खोटं कशाला सांगू. माज्या नातवाला तितंच ऱ्हायचं हाय ना.” जाताना तिने त्या पानाची झेरॉक्स मागितली. मी दिली नाही. नाही म्हणताना माझीच मला लाज वाटली.

मैनाचं काम गेल्याचं तुला आईकडून कळलं तेव्हा तू मला फोन केला होतास. आठवतं? तू रडत होतीस, “मॅडम, माझी चूक झाली, मी नावं घालायला नको होती,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. आणि मी? ‘होतं असं, शिकायचं यातून’ असलं काहीतरी पुटपुटले. लाल पेनाची गोष्ट मला त्या क्षणी स्वच्छ आठवत होती, संजना, आणि तरी मी तुला ती चूक स्वतःच्या माथी घेऊ दिली. महिनाभर. तू इतकी हुशार, तुलाही आठवत असणार की नावं घालायला कोणी सांगितलं. पण तू एकदाही तसं म्हणाली नाहीस. त्यानेच मला जास्त लागलं. ती चूक माझी आहे, लेखी सांगते आहे. प्राचार्यांना हे सगळं सांगायला गेले तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पुढच्या वर्षी आपण पर्यटन हा विषय घेऊ.” कोंडाण्याची लेणी वगैरे. लेण्यांतल्या मूर्तींना कोणी भेटायला जाणार नाही, एवढी त्यांना खात्री असावी.

आता निमंत्रणाकडे येते. तुझी बातमी गावाच्या नावासकट छापून आल्यावर वरच्या कार्यालयाने तो गुरचरणाचा ठराव परत पाठवला होता, पुन्हा नव्याने घ्या म्हणून. आपण दोघी किती खूश झालो होतो! तर तो ठराव आता पुन्हा होतोय. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा, आणि आदल्या दिवशी, रविवारी, रथसप्तमीला सरपंचबाईंकडे हळदीकुंकू. राजेश स्वतः मला पत्रिका द्यायला आला. ‘सर्व भगिनींसाठी’ असं जाड अक्षरात, आणि खाली, ‘विधवा भगिनींचा विशेष सन्मान.’ प्रमुख पाहुणी मी. अशा बायकांना पहिलं कुंकू माझ्या हाताने लावायचं, पेपरवाले येणार. तो म्हणाला, “मॅडम, पोरीच्या अहवालात बरोबर लिवलंय. एकपण विधवा नव्हती. आमची चूक झाली ती.” चेष्टा नव्हती गं त्यात. अगदी चांगल्या विद्यार्थ्याने शेरा वाचून उत्तर सुधारावं तसं त्याने ते सुधारलं होतं. आपण त्यांच्या कागदात एकच दोष काढून दाखवला आणि त्यांनी तो नीट दुरुस्त केला. या वेळच्या सह्यांत विधवा असतील. पुढच्या कुठल्याच संजनाला त्या यादीत काही सापडणार नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या गावी गेले. कोणाला न सांगता, सहा आसनी रिक्षाने, डोक्यावरून पदर घेऊन. ज्या अंगणांची नावं मला पाठ आहेत त्या अंगणांतल्या बायकांनी मला बघितलं आणि आत गेल्या. तुझ्या आईने हे तुला सांगितलं नसेल, पण गेला महिनाभर तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. तिच्या पोरीने गावात ब्याद आणली म्हणून. नळावर ती आली की बाकीच्या हंडा उचलायच्या. दहा घरं करून राजेश थांबला होता. अकराव्या नावाकडे, म्हणजे तिच्याकडे, तो संक्रांतीच्या तोंडावर गेला तेव्हा ती दाराआड उभी राहिली, म्हणाली. आणि त्याने तिच्यापुढे कागद नाही धरला, पत्रिका धरली. पहिली खुर्ची तुमची, छायाताई. त्या दिवसापासून बायका पुन्हा बोलायला लागल्यात. मी गेले तेव्हा ती मोतिया रंगाची साडी पेटीतून काढून उन्हात टाकत होती. नऊ वर्षं घडी मोडली नव्हती. मला घरात नेऊन बसवलं, तिळाची वडी दिली, आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “मॅडम, कुंकू लावतील ना ओ मला? का नुसती हळदच?”

मी जे सांगायला गेले होते ते मला सांगता आलं नाही. तुझी आई, संजना, लग्नघरातून मागच्या दाराने निघून येणारी, स्वतःच्या भाचीच्या हळदीला स्वयंपाकघरात बसलेली. तिला मी काय सांगणार होते? की हे कुंकू म्हणजे रजिस्टरचं एक पान आहे? मी म्हटलं, लावतील, मीच लावणार आहे. तिने माझा हात धरला. मग आनंदाने सांगू लागली की भाऊ किती चांगले, म्हणतात तुमच्या पोरीने गावाचे डोळे उघडले, तिचाही सत्कार करू, तिला बोलवा. पुण्याला गाडी पाठवतो बोललेत. तिने तुझ्या वसतिगृहाचा पत्ता राजेशला लिहून दिलाय, खोलीच्या नंबरासकट.

आता मी हे पत्र का लिहायला घेतलं ते सांगते, कारण अजून एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आहे आणि ती लाल पेनापेक्षा वाईट आहे. राजेशने त्या दिवशी फोटो काढल्यावर जाता जाता विचारलं होतं, “रेकॉर्डिंग वगैरे कॉलेजातच असेल ना, मॅडम?” मी तोऱ्यात म्हणाले, “छे! संजना कच्च्या गुरूची चेली नाही. सगळं एका मेमरी कार्डावर घालून ती पुण्याला स्वतःजवळ ठेवते.” मीच सांगितलं. त्या बायकांनी आता उलटं लिहून दिलंय. त्यांचं खरं बोलणं जगात फक्त तुझ्याजवळच्या त्या कार्डावर आहे, आणि ते कुठे आहे हे त्यांना माझ्या तोंडून कळलंय. राजेश रोज सकाळी दहाच्या सुमाराला मला फोन करतो, अगदी अदबीने, “संजनाशी बोलनं झालं का, मॅडम?” म्हणून मी फोन करत नाही, पत्र लिहितेय. ते कार्ड कोणाला देऊ नकोस. मी फोन करून मागितलं तरी देऊ नकोस, अगदी मी रडून मागितलं तरी. ते कुठल्या कार्यालयात नेऊन दाखवायचं का, हे त्या दहा जणींनी ठरवायचं, तू नाही आणि मी तर नाहीच. आपण त्यांना शब्द दिलाय. मी रविवारी जाणार आहे. त्यांची पाहुणी म्हणून जाईन, कुंकू लावेन आणि सह्यांच्या टेबलाशी उभी राहून प्रत्येकीला पानाच्या वरती काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवेन. कोरं असेल तर कोरं आहे असं सांगेन. पुढे काय होईल ते होईल. तू मात्र येऊ नकोस. शनिवारी दुपारी तुझ्या वसतिगृहाच्या दाराशी गाडी येईल, आणि मला वाटतं त्यात पुढच्या सीटवर तुझी आई बसलेली असेल, मोतिया साडी नेसून. ती जे बोलेल ते सगळं खरं असेल, तिचा आनंदही खरा असेल, कारण गाडी खरी कशासाठी पाठवलीय ते तिला ठाऊक नाही. तिला उतरवून घे. वर खोलीत ने, चहा कर, आणि गाडीवाल्याला सांग की आई आता दोन दिवस माझ्याकडेच राहील. आणि संजना, त्या दिवशी तिला कुंकू तू लाव. तू लावलंस तर तिला कुठेही सही करावी लागणार नाही.

तुझीच,
मॅडम